विरजणाची उतरती पातळी

३ मार्च

सूक्ष्मदर्शकावर ओणवे राहून मानेचे मणके झिजविणाऱ्या चि. ठमीस, मातुलाचे सशर्त आशीर्वाद. शर्त एकच, उत्तर सविस्तर हवे. दूरध्वनीवर मनुष्य ‘बरं चाललंय’ म्हणतो आणि निसटतो. कागदावरून निसटणे तितके सुलभ नाही.

तुझ्या प्रयोगशाळेने मागविलेला ऐवज सोबतच्या बर्फपेटीतून रवाना करीत आहे. आमच्या डेअरीच्या विरजणास तू ‘नमुना’ म्हणालीस. हा अधिक्षेप मी वडीलकीच्या औदार्याने गिळला. आजच्या दुधातले चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याच्यातले परवाच्या दुधात, अशी ही वंशपरंपरा मी विरजण-विभागाचा प्रमुख झाल्यापासून अखंड आहे. कित्येक राजघराण्यांना हे साधलेले नाही. मध्यंतरी वीज गेली आणि डेअरीतली टाकी नासली, तेव्हा वंश तरला तो केवळ माझ्या घरच्या फ्रिजमधील काचेच्या बाटलीमुळे. तेव्हापासून एक बाटली घरी असतेच. तिच्यावर माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी आहे: ‘औद्योगिक मालमत्ता. सेवन वर्ज्य.’

आता तुझ्या मामीविषयी. माझे डावे मूत्रपिंड गेल्या हिवाळ्यात तिच्या उदरी स्थलांतरित झाले, ते नव्या वास्तूत रमले आहे. डॉक्टरांच्या मते माझ्याकडे असताना ते इतके कष्टाळू नव्हते. अडचण तुला ठाऊक आहेच: तिच्या शरीराचे पहारेकरी या परक्या पाहुण्यास बखोट धरून हाकलतील, म्हणून त्यांना औषधांनी निजवून ठेवावे लागते, आणि पहारेकरी निजले की शिंकणारा प्रत्येक इसम शत्रुपक्षात जमा होतो. हा सारा तपशील तिला सांगून मी तिला शिणविलेले नाही. ‘अंगात ताकद कमी आहे, जपायचे’ एवढ्यावर भागते.

घराचा दुर्ग केला आहे. पाणी उकळलेले, भाजी शिजविलेली, पाहुणे उंबऱ्याबाहेर. जिवंत जंतूंचे आंबविलेले दूध डॉक्टरांनी बंद केले. जिने उभ्या आयुष्यात माझ्या हातचे दूध प्याल्यावाचून दुपार टळू दिली नाही, तिला ही शिक्षा! “घरात असं काही खाण्यात येतं का?” असे त्यांनी मला विचारले. “खाण्यात काहीही येत नाही,” मी बाणेदारपणे उत्तरलो. बाटलीचा विषय निघाला नाही, मी काढला नाही. मालमत्ता म्हणजे खाद्य नव्हे.

साहाय्यार्थ तिचे धाकटे बंधू, अर्थात आमचे शालक महाशय, येऊन राहिले आहेत. त्यांचे साहाय्य मुख्यत्वे अन्न संपविण्याच्या कामी होते.

तुझा,
मातुल

१७ मार्च

प्रिय मामा,

बर्फाचं पाणी झालं होतं, पण तुझं राजघराणं सुखरूप पोचलं. लगेच कामाला लावलं.

तुला आवडेल म्हणून नीट सांगते. आमच्याकडे नखाएवढे खळगे असलेली प्लास्टिकची बशी असते. तळाशी भक्षकपेशींचा थर. अंगात शिरलेल्या जंतूंना गिळायचं काम या पेशींचं. अर्ध्या खळग्यांत साधं दूध घातलं, अर्ध्यांत तुझं आंबवलेलं. सकाळी बघते तर साध्या दुधातल्या पेशी गोल, सुस्त, जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यांसारख्या. आणि तुझ्या दुधातल्या! चहूकडे पाय फुटल्यासारखे फाटे काढलेले, समोर टाकलेले चमकते मणी गपागप गिळलेले. इतर पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप तर मोजायच्या यंत्रात मावेनात. आमच्या प्रमुख बाई कशालाच चांगलं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, “बरं दिसतंय. पुन्हा कर.” म्हणजे आमच्याकडे तोफांची सलामीच झाली.

मामीला माझ्यातर्फे सांग, तिच्या लाडक्या दुधानं निजलेले पहारेकरी खडबडून जागे केले! मी आता पुन्हा बशी भरायला जाते.

तुझी,
ठमी

ता. क. त्या दुसऱ्या मामांवर दया कर. (मामीच्या भावावर, स्वतःवर नव्हे.)

५ एप्रिल

चि. ठमीस,

तुझे पत्र मी मामीच्या खोलीत उभे राहून, योग्य त्या आरोह-अवरोहांसह वाचून दाखविले. ‘निजलेले पहारेकरी’ हे वाक्य तिने पुन्हा वाचावयास लावले. नंतर म्हणाली, “ठमी हुशार हो. आणि तुम्ही उगाच बाटलीला पहारा लावून बसलात.” मी हे प्रशंसापर मानले.

या पत्राचा मुख्य विषय मात्र फौजदारी स्वरूपाचा आहे. घरच्या बाटलीतील विरजणाची पातळी उतरत आहे. प्रथम मला दृष्टिभ्रम वाटला. मग मी काचेवर शाईची बारीक रेघ ओढली. दुसऱ्या सायंकाळी डेअरीतून परतून पाहतो तो दूध रेघेच्या दोन बोटे खाली! झाकण घट्ट, बाटली अभंग, बाष्पीभवनाचा प्रश्नच नाही. घरात तीन माणसे. त्यांपैकी एकास सेवन निषिद्ध, दुसरा मी. शेष राहिलेल्या गृहस्थांस मी समोर बसविले.

“भाऊजी, मला दूध पचत नाही,” ते म्हणाले.

“चोरीचे पचते काय?”

“ताई, ऐकतेस ना? मी भांडी घासतो, बाजार करतो, तुझ्या गोळ्यांच्या वेळा बघतो, आणि वर हे!”

तुझी मामी आतून म्हणाली, “अहो, जाऊ द्या ना. दूध ते दूध.” या वाक्यात मला बंधुप्रेम दिसले आणि मी अधिकच चेकाळलो. ‘परान्नपुष्ट’ हा शब्द माझ्या तोंडून गेला. त्याचा अर्थ त्यांस कळला नसता तर बरे झाले असते. दुर्दैवाने त्यांनी तो मलाच विचारला आणि शिकविण्याच्या अंगभूत ओढीने मी तो सोदाहरण समजावला. त्याच दुपारी ते पिशवी भरून स्वगृही गेले.

तेव्हापासून मी डेअरीत असताना ती एकटी असते. मात्र तिचा चेहरा टवटवीत आहे, हे मला नमूद केले पाहिजे. सायंकाळी थोडी कणकण असते. ती म्हणते, भांडणाचा शीण आहे.

तुझा,
न्यायदानाने किंचित थकलेला मातुल

११ एप्रिल

मामा,

तू कमाल केलीस. चोर मला इथे बसून दिसला. रोज डेअरीत मापात मोजून देणारा आणि घरी येऊन ‘तपासणी’ म्हणून चमचा चमचा चाखणारा तूच! लहानपणी तुझ्या मिशांना कायम पांढरी कड असायची, विसरले नाही मी. बिचाऱ्या त्या माणसाची क्षमा माग, आणि बोलावून आण. मामीजवळ कुणीतरी हवं.

गंमत संपली. फोन उचलत नाहीस, म्हणून इथेच विचारते: कणकण म्हणजे किती? तापमापक लावलास का? तिच्या बाबतीत कणकण ‘शीण’ नसते. हे पत्र मिळेल त्या दिवशी तिला डॉक्टरकडे ने. दुसऱ्या दिवशी नव्हे. नेलंस की कळव.

ठमी

२१ एप्रिल

चि. ठमीस,

तुझे पत्र येण्यापूर्वीच तिला रुग्णालयात हलवावे लागले. हुडहुडी भरून पलंग वाजू लागला, तेव्हा तुझा मातुल, ज्यास प्रत्येक प्रसंगी समर्पक शब्द सुचतो, तो केवळ ‘अगं, अगं’ करीत उभा होता.

चौथ्या मजल्यावर खोली आहे. खिडकीतून वाहनतळ दिसतो. मी तिला बाहेरच्या गाड्यांच्या रंगांचे वर्णन करून सांगतो. ती डोळे मिटून ‘हं’ म्हणते. शिरेतून औषध चालू आहे. भारी औषध आहे, असे डॉक्टर म्हणतात. ज्वर उतरतो आणि काही वाजवी कारण नसताना पुनश्च चढतो. मूत्रपिंडाचा रक्तातला आकडाही वाढत आहे. तो आकडा पूर्वी माझा स्वतःचा होता, त्यामुळे त्याच्याविषयी मला एक प्रकारची घरगुती काळजी वाटते.

रक्त तपासणीस गेले. त्यात एक जंतू उगवला, पण कनिष्ठ डॉक्टर म्हणाले, “हा दुधातला, गरीब जंतू. नमुना घेताना कुठूनतरी पडला असणार. तो धरायचा नाही.” त्यांनी मला विचारले, घरात आंबविलेले काही घेतात का? मी छातीठोकपणे ‘नाही’ म्हणालो.

तुझा माझ्यावरील आरोप निराधार आहे. आणि शालकांवरील माझाही होता, हे सांगणे प्राप्त आहे; कारण ते गेल्यावरही, मी रोज रेघेपर्यंत भरीत असूनही, बाटली उतरतच होती. मी त्यांस मनातल्या मनात दोषमुक्त केले आहे, कळविणे राहिले. विलक्षण गोष्ट अशी, की आम्ही रुग्णालयात आल्यापासून पातळी रेघेस बिलगून स्थिर आहे. आमच्यावरील आपत्ती पाहून चोरास करुणा आली असावी.

ती उठली. थांबतो.

मातुल

२४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र अर्धं वाचून झालं आणि मी वॉर्डात फोन लावला. डॉक्टरांशी बोलले. मग तुझ्याशी. तू ‘अशक्य’ म्हणालास आणि फोन ठेवलास. म्हणून हे लिहिते. कागद तुला ठेवता येणार नाही.

बाटली तू पीत नव्हतास. तिचा भाऊ पीत नव्हता. ती रुग्णालयात गेली आणि पातळी थांबली. मामा, ती पीत होती.

आणि तो ‘गरीब’ जंतू कुठून पडलेला नाही. तो तुझा आहे. माझ्या-तुझ्या अंगात तो निमूट आतड्यातून निघून जातो. रक्तात डोकावला तरी पहारेकरी त्याला तिथेच संपवतात. तिच्या पहारेकऱ्यांना आपण गोळ्या देऊन निजवलंय. तिच्यासाठी तो गरीब नाही. शिरेतून चाललेलं भारी औषध या जातीच्या जंतूंना बहुधा शिवतही नाही. त्यांना मारायला जुनं, साधं, स्वस्त औषध पुरतं. पण डॉक्टर म्हणाले, “दूर राहणाऱ्या भाचीच्या तर्कावर मी औषध बदलू शकत नाही. रुग्ण स्वतः नाही म्हणतात, त्यांचे यजमान नाही म्हणतात.” त्यांनी तिला विचारलं तेव्हा तू पलंगाशी उभा होतास ना? मग ती हो कशी म्हणेल? दुधावरून तिच्या भावाला घराबाहेर काढणारा माणूस समोर उभा असताना?

तिला विचार. रागावू नकोस, कोटी करू नकोस, अवघड शब्द वापरू नकोस. आणि बाटली रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दे. माझ्याकडचं विरजण मी आजच तिथे पाठवलंय. दोन्ही त्यांना रक्तातल्याशी ताडून पाहू देत. पण ते होईपर्यंत थांबू नकोस. आज विचार.

आणखी एक. ‘निजलेले पहारेकरी जागे केले’ हे मी लिहिलं होतं. ती बशी होती, मामा. बशीत मूत्रपिंड नसतं, माणूस नसतो. हे एक वाक्य लिहायला मला जड नव्हतं. तू तिला काहीच सांगितलेलं नाहीस हे तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, आणि मी ते हसून पुढे गेले.

ठमी

४ मे

ठमे,

विचारले.

पत्र हाती पडले त्याच दिवशी मी खुर्ची ओढून बसलो. उभ्याने बोलण्याची माझी सवय तिला व्याख्यानासारखी वाटते, हे मला नव्यानेच कळले आहे.

“बाटलीतलं घेत होतीस?”

“कोण म्हणतं?”

“ठमी.”

“ती तिकडे बसून कशी म्हणते?”

“माझ्या पत्रांवरून.”

“मग तुम्हाला कसं नाही कळलं? पत्रं तर तुम्हीच लिहिलीत.”

मी तिच्या पांघरुणाची घडी सरळ केली.  मग ती म्हणाली, “तुम्ही रागावाल.”

“नाही.”

“माझ्या भावाला घालवलंत.”

“त्याला पत्र लिहितो.”

“साध्या भाषेत लिहा. तुमची क्षमा त्याला शिवीसारखी वाटेल.” आणि मग, माझ्याकडे न पाहता, “वाटीभर घेत होते. तुम्ही डेअरीत गेलात की. चवीसाठी नाही हो. म्हणजे चवीसाठीही. पण ठमीनं लिहिलं ना, पहारेकरी उठतात म्हणून. तुम्ही पोट फाडून एवढी वस्तू मला सांभाळायला दिलीत. मला साधा जिना चढवत नाही, अंगात कसली ताकद नाही. उद्या काही झालं तर? तुमची वस्तू राखायला आत कुणीतरी जागं नको?”

या वाक्यास जोडण्याजोगे विशेषण मला सापडलेले नाही, शोधणारही नाही. तिचे पहारेकरी त्या वस्तूलाच चोर समजतात, हे सांगण्यास मी तोंड उघडले. “तू पड जरा,” एवढेच बाहेर आले.

डॉक्टरांकडे गेलो. बाटलीची हकीकत सांगितली, चिठ्ठीच्या मजकुरासह. ते म्हणाले, “आम्ही तुम्हाला दोनदा विचारलं होतं.” मी म्हणालो, “आपण खाण्याविषयी विचारलेत.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की उर्वरित वाक्य मी बोललो नाही. त्याच दुपारी औषध बदलले. बाटली प्रयोगशाळेत दिली. जंतू एकच निघाला. रक्तातला, बाटलीतला आणि तुझ्याकडचा. ज्या वंशाचे मी गोडवे गाईले, त्याच्या ओळखपरेडीस मी हजर होतो.

ज्वर उतरू लागला आहे. काल तिने अर्धी वाटी पेज घेतली. परंतु जंतूशी लढता यावे म्हणून मध्यंतरी पहारेकऱ्यांना निजविणारी औषधे कमी करावी लागली होती. ते आता खरोखरीच जागे झाले आहेत आणि पाहुण्याच्या दारावर धडका देत आहेत. आकडा रोज वर जातो. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न चालू आहेत. या वाक्याचा अर्थ काढण्याइतका मी भाषेत मुरलेलो आहे.

तिला मी सांगितले आहे, की मूत्रपिंड रजेवर गेले आहे, रजा संपली की रुजू होईल. ती हसली. तूही तेच सांग.

मामा

२० मे

प्रिय ठमी,

अक्षर लागलं नाही तर विचार. आडवी पडून लिहितेय. तुझे मामा डेअरीत गेलेत आणि माझा भाऊ खाली कपडे वाळत घालतोय. तो आला परत. मामांनी त्याला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं, त्यात एकही अवघड शब्द नव्हता, त्यामुळे तो घाबरूनच आला.

ताप गेला. बाकी मामांनी दिलेलं ते राहिलं नाही. मी एक दिवसाआड रुग्णालयात रक्त गाळायच्या यंत्रावर बसते, पूर्वीसारखी. तुझे मामा अजून म्हणतात, रजेवर आहे, रजा वाढवून मागितली आहे. मला सगळं यंत्रावरच्या नर्सनं सांगितलं. तिला वाटलं, मला माहीत असणार. “तुमच्याच पेशींनी घेतलं हो ते,” असं म्हणाली आणि माझा चेहरा बघून यंत्राची नळी तपासू लागली. मग मी तिला सगळं विचारलं. गोळ्या कशासाठी होत्या, कोण निजलं होतं, कोणाला निजवलं होतं. दहा मिनिटांत सांगून झालं तिचं. मला समजलंही. अवघड नव्हतं काही.

मामांना मी सांगितलेलं नाही की मला कळलंय. ते सकाळी नवा विनोद तयार करून आणतात आणि दारातच माझा चेहरा बघतात. मी हसते. त्यांना रात्री झोप नाही, जेवण नाही. त्यांची एक बाजू कापून दिली आणि ती मी घालवली, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मलाही काही बोलता आलं असतं.

तू ‘माझी चूक’ म्हणून मामांना लिहिलंयस, ते त्यांनी मला वाचून दाखवलं नाही. पाकीट उशीखाली सापडलं, मीच वाचलं. तुला दोष देत नाही गं. पण एक सांगते. माझ्या पोटाबद्दल तू त्यांना लिहितेस, ते तुला लिहितात, डॉक्टर त्यांच्याशी बोलतात, आणि मग माझ्या वाट्याला जे येतं ते मोठ्यानं वाचून दाखवलेलं, मधलं गाळून. त्यातलं एक वाक्य मी धरलं. दुसरं काही धरायला दिलंच नव्हतं कुणी.

आता मला तू लिही. मी ते दूध प्याले नसते तर ते राहिलं असतं का? नर्स म्हणते, तिला सांगता येणार नाही. तुला येईल, नाहीतर येणार नाही. ‘हो’ असेल तर हो लिही. ‘माहीत नाही’ असेल तर तसं लिही, मला चालेल. सांत्वन नको. पाकिटावर माझं एकटीचं नाव घाल, मामांच्या मार्फत नको.

मामी